कव्हरच्या आत दडलंय काय?

*थिएटरचं रिनोव्हेशन म्हटलं की आपण बघतो तो खुर्च्यांचा रंग. खरी गोष्ट मात्र गादीच्या पोटात असते. तेलगावच्या फाट्यापासून हार्वर्डच्या लेक्चर हॉलपर्यंत, एका दुर्लक्षित खुर्चीची ही उलटतपासणी...*

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, बॅग खांद्यावर आणि थेट मल्टिप्लेक्स! बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे, मांडीवर पॉपकॉर्नचा टब. आहाहा! खुर्ची या विषयावर आपला विचार इथेच संपतो.

मग कधीतरी आई-बाबांबरोबर नाटकाला जायचा योग येतो. नगरपालिकेचं नाट्यगृह, 'जी' रांग, चौदा नंबर. बसताक्षणी आतली स्प्रिंग स्वतःची ओळख करून देते. हाताच्या दांडीवरचं रेग्झिन सोललेलं, शेजारची सीट अर्धवट लोंबकळलेली. इंटर्व्हलमध्ये बटाटेवडा खाता खाता आपण निकाल देऊन टाकतो, "यार, यांनी निदान खुर्च्या तरी बदलायला हव्यात!"

बदलतात ना, बॉस. अधूनमधून बदलतातच. नवंकोरं मरून कव्हर चढतं, उद्घाटन होतं, फोटो निघतात. प्रश्न असा आहे की नेमकं काय बदलतं? फक्त वरचा कपडा की आतला जीवही? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न नाटकाचा आवाज, प्रेक्षकाची पाठ आणि वेळ आलीच तर त्याचा जीव, या तिन्हींपर्यंत जाऊन पोचतो. पटत नाही? मग जरा टेकून बसा.

जमीन, बाकडं, खुर्ची, बाल्कनी

मराठवाड्यात गावोगावच्या जत्रांमध्ये टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे, तेव्हा खुर्चीचा प्रश्नच नव्हता. खाली माती आणि वर तंबू. घरून आणलेलं पोतं किंवा चादर हेच रिझर्व्हेशन! पक्की टॉकीज आली आणि बसण्यालाही वर्ग पडले. पडद्याजवळ जमीन नाहीतर बाकडी, त्यामागे लाकडी खुर्च्या आणि सगळ्यात वर बाल्कनी, तिथे गादीची खुर्ची. तिकिटाचा दर दोन गोष्टींवर ठरायचा. तुम्ही पडद्यापासून किती लांब आहात आणि तुमच्या बुडाखाली काय आहे!

त्या गादीत काय असायचं? लोखंडी स्प्रिंगा, त्यावर बारदान, त्यावर काथ्या, मग कापूस आणि सगळ्यात वर कापड. ऐकायला मस्त वाटतं, पण याच थरांमध्ये एक बिनतिकिटाचा प्रेक्षकही कायमचा मुक्काम ठोकून असायचा. ढेकूण! टॉकीजमधून आलेल्या माणसाला घरात घेण्याआधी कपडे झटकायला लावणाऱ्या आज्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील.

म्हणून तर रेग्झिन हिट झालं. रेग्झिन हे मुळात एका इंग्रज कंपनीच्या मालाचं नाव, कापडावर लेप चढवून केलेल्या नकली चामड्याचं. आपल्याकडे कंपनी विसरली गेली, नाव मात्र चिकटलं. आज आपण ज्याला रेग्झिन म्हणतो त्यावर बहुतेक वेळा पीव्हीसीचा थर असतो. पान, तेलकट डोकी, सांडलेला चहा, काहीही असो. फडकं मारलं की साफ. थिएटरमालकाला आणखी काय हवं?

मग आला फोम. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन तयार केलं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या फोमने जगभरातल्या गाद्या ताब्यात घेतल्या. आपल्याकडे त्याला सरसकट 'स्पंज' म्हणतात. हलका, स्वस्त, सुरीने कापता येणारा. स्प्रिंगा बांधायची कटकट नाही, काथ्या पिंजायची भानगड नाही. चौकोन कापा, डकवा, कव्हर ओढा. झालं काम! खुर्चीच्या दुरुस्तीतला वेळ वाचला तो इथेच आणि खुर्चीचं पोट रिकामं झालं तेही इथेच.

तेलगावच्या फाट्यावर ऑपरेशन

हे सगळं मला पुस्तकात कमी आणि तेलगावात जास्त कळलं.

त्याचं असं झालं. मराठवाड्यातल्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या तीन जोडखुर्च्या मी भंगारवाल्याकडून उचलल्या. बिडाचे पाय, उघडमिट होणारी बैठक, एकदम रेट्रो लूक. हॉलमध्ये ठेवल्या की काम फत्ते! पण गाद्यांची पार वाट लागली होती. पुण्यात दोन ठिकाणी फोटो दाखवले. दोन्हीकडून एकच सल्ला मिळाला, "मॅडम, यापेक्षा नवा सोफा घ्या." तेव्हा बीडकडच्या एका मैत्रिणीने तोडगा काढला, "पुण्याला आणूच नकोस. आमच्या तेलगावच्या फाट्यावर टाक. तिथं ट्रॅक्टरच्या सीटा करतात, ते काहीही करतात."

तेलगाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात येतं. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखानाही इथलाच. त्यामुळे गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्यांची रीघ लागते. इथल्या कुशनवाल्याचं कॅलेंडर बॉक्स ऑफिसवर नाही, उसावर चालतं. हंगामाच्या आधी ट्रॅक्टरच्या सीटा, लग्नसराईत सोफे आणि वर्षभर जीप नि बुलेट.

मी गेले ते दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. पायाने चालवायचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले रेग्झिनचे गुंडाळे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या. दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणत होते, मग मीही मामाच म्हटलं. त्यांनी खुर्ची उलटी केली, बोटाने खालचा प्लाय वाजवून बघितला आणि म्हणाले, "ताई, कव्हर काय, घंटाभरात चढवून देतो. पण आतलं कुजलेलं असंल तर वरचं घेऊन काय करायचं?"

मग सुरू झालं ऑपरेशन. आधी बैठक सुटी केली. स्क्रू-ड्रायव्हर आणि पक्कड घेऊन कडेच्या चुका एकेक करून उपटल्या. वरचं तपकिरी रेग्झिन निघालं, तर खाली आणखी एक कव्हर, हिरवं! म्हणजे मागच्या वेळी कुणीतरी जुनं न काढता त्यावरच नवं चढवलं होतं. हिरव्याच्या खाली फोम होता, पण नावापुरता. बोट लावलं की पिवळा भुगा. त्याखाली काथ्याचा थर, थरात शेंगांची टरफलं आणि सगळ्यात तळाशी स्प्रिंगा. गंमत बघा, सगळ्यात जुनी वस्तू सगळ्यात धडधाकट होती. एक स्प्रिंग तेवढी तुटलेली.

मामांनी हिरवं कव्हर फेकलं नाही. शिवण उसवून ते जमिनीवर पसरलं, तो त्यांचा फर्मा. त्यावरून नवं कापड बेतलं. तुटलेली स्प्रिंग बदलली, मग सगळ्या स्प्रिंगा सुतळीने आडव्या-उभ्या बांधल्या, म्हणजे एकीवर भार आला तरी तो चौघींमध्ये वाटला जातो. त्यावर बारदान, दाभणाने टाचलेलं. मग काथ्या, मग फोमचा पातळ थर, वर कापसाचं अस्तर आणि शेवटी कापड. कापड ओढायचीही एक पद्धत असते. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक चूक, मग तिथून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्ये हमखास सुरकुती पडते. ऑफिसात एक्सेल शीटशी झटापट करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे बघताना जाम शांत वाटतं, खरंच!

दोन गोष्टी मी मुद्दाम विचारल्या. पहिली, फोम जाड का नाही टाकत? चार इंची टाका, मस्त फुगीर दिसेल! मामांनी बैठक बिजागरीत बसवली, खाली दाबली आणि सोडली. टप्पकन वर उठली. "वजन वाढलं की उठत नाही ती," ते म्हणाले. थिएटरची खुर्ची आपण उठल्यावर आपोआप मिटते, ती आतल्या स्प्रिंगवर किंवा मागच्या वजनावर. गादी जड केली, जाड केली, की ती अर्धवट लोंबकळत राहते. आठवतंय ना 'जी' रांगेतलं दृश्य?

दुसरा प्रश्न, चुकांऐवजी सरळ फेव्हिकॉल का लावत नाही? लवकर होईल की! त्यावर मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चहात मीठ मागितलं. "मग पुढच्या वेळी उघडणार कसं, ताई?"

या एका प्रश्नात त्यांच्या धंद्याचं सगळं शहाणपण आलं. जुनी खुर्ची टिकते कारण ती उघडता येते. जो थर खराब झाला तेवढाच काढा, बाकीचा राहू द्या. एकदा चिकटवून टाकलं की दुरुस्तीचा पर्याय संपतो आणि उरतो तो भंगाराचा.

तीन खुर्च्यांना दोन दिवस लागले. म्हणून मी जरा गणित मांडून पाहिलं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झालं, तिथली आसनं ९८९. मामांच्या वेगाने एकट्या माणसाला ती सगळी करायला साधारण ६६० दिवस लागतील. जवळजवळ दोन वर्षं! आता लक्षात येतं की मोठ्या थिएटरात हे काम टेंडरने आणि घाईने का होतं. घाईत पहिला बळी जातो तो न दिसणाऱ्या थरांचा.

रात्री गाद्या वाहणारा प्रोफेसर

आता कापडाकडे येऊ. मला रेग्झिनच हवं होतं, कॉफी सांडली तरी टेन्शन नाही. घरासाठी ठीक आहे. पण नाट्यगृहात हाच निर्णय आवाज बिघडवू शकतो. कसा? त्यासाठी तेलगावहून थेट अमेरिकेत जावं लागेल.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग आर्ट म्युझियमचा नवा लेक्चर हॉल सुरू झाला. दिसायला झकास, पण बोललेलं कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा शब्द त्यावर येऊन आदळायचे. हे निस्तरायचं काम आलं वॉलेस सबाइन नावाच्या तरुण फिजिक्सच्या प्राध्यापकाकडे. वय विशीच्या शेवटचं, म्हणजे आपल्याच बॅचचा म्हणा ना!

त्याने काय केलं असेल? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, सगळं शांत झाल्यावर. हॉलमध्ये थोड्या गाद्या पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या. पुन्हा मोजायचं. आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी परत! जसजशा गाद्या वाढल्या तसतसं घुमणं कमी होत गेलं. यातून सबाइनने जे सूत्र काढलं, ते आजही जगभर सभागृहं बांधताना वापरतात. आवाज शोषण्याच्या एककालाही त्याचंच नाव आहे, सॅबिन. म्हणजे सभागृहाच्या आवाजाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं ते थिएटरच्या गाद्यांवर!

फंडा सोपा आहे. गादीच्या आत हवा असते, आवाज म्हणजे हवेतली थरथर. कापड विणलेलं आणि सच्छिद्र असेल तर थरथर आत शिरते आणि काथ्या-कापसात विरून जाते. वर रेग्झिन असेल तर दार बंद! विशेषतः आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग त्यावर आपटून परत येतो. काही सभागृहांत तर बैठकीच्या खालच्या फळीला भोकं ठेवतात. का? खुर्ची रिकामी आणि मिटलेली असली तरी तिने माणसासारखा आवाज शोषावा म्हणून. तालमीला रिकामं सभागृह आणि प्रयोगाला हाऊसफुल्ल, दोन्ही वेळी आवाज सारखा राहायला हवा ना!

मराठी रंगभूमी संगीत नाटकावर वाढली, माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवणाऱ्या गायक नटांवर. त्या रंगभूमीला तरी हे वेगळं सांगायला नको. एखाद्या नाट्यगृहात सगळ्या कापडी खुर्च्यांना एका रात्रीत रेग्झिन चढलं, तर पुढच्या प्रयोगात संवाद नीट कळले नाहीत म्हणून दोष नटाला द्यायचा की साउंडवाल्याला, याआधी एकदा बसायच्या जागेकडेही बघायला हवं.

आणि आता थोडं गंभीर

१३ जून १९९७. दिल्लीच्या उपहार सिनेमात 'बॉर्डर'चा खेळ चालू होता. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर बाल्कनीत शिरला. ५९ माणसं गेली. पुढे कोर्टात जे उघड झालं त्यातली एक गोष्ट थेट आपल्या विषयाची आहे. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या आणि त्यापायी बाहेर पडायची एका बाजूची वाट बंद झाली होती. चार तिकिटं जास्त खपावीत म्हणून बसवलेल्या खुर्च्या!

आपोआप मिटणाऱ्या खुर्चीचं महत्त्व इथे कळतं. १८५४ साली बॉस्टनच्या एरन अ‍ॅलन यांनी अशा खुर्चीचं पेटंट घेतलं. बैठक उभी राहिली की दोन रांगांमधली वाट रुंद होते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. अंधारात, धुरात, घाबरलेल्या गर्दीत ते सहा-आठ इंच फार मोठे असतात. म्हणजे मामा बैठक दाबून सोडून बघत होते, ती नुसती कारागिराची हौस नव्हती.

दुसरी गोष्ट फोमची. साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की झपाट्याने जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. १९७९ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका दुकानात फर्निचरला आग लागून दहा जणांचा जीव गेला. अशा आगींनंतर ब्रिटनने १९८८ साली गाद्यांच्या फर्निचरसाठी कडक नियम केले, फोम आणि कापड दोन्हीला चाचणी लागू झाली. लवकर पेट न घेणारा फोम आणि तसं कापड आता बाजारात मिळतं. महाग असतं, एवढंच. आणि एकदा कव्हर चढलं की आत कुठला फोम घातलाय ते बाहेरून कळायला मार्ग नसतो.

आपल्याकडची ताजी जखम कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पूर्ण झालेलं पॅलेस थिएटर, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. ९ ऑगस्ट ही केशवरावांची जयंती, तिच्या आदल्या रात्री! रंगमंच, छत, आतला बराचसा भाग जळून गेला. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेले कोल्हापूरकर आणि कलाकार रडत होते, टीव्हीवर ते बघताना पोटात गलबललं होतं. अशी वास्तू पुन्हा उभी करताना भिंती आणि छत यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खुर्चीच्या पोटातही तितक्याच बारकाईने बघायला हवं.

आमच्या मराठवाड्यात तर अजून साध्या देखभालीचीच लढाई चालते. छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिराच्या दुरवस्थेबद्दल खुद्द कलाकारांनी जाहीरपणे तोंड उघडलं होतं आणि नंतर ते दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिलं. नाट्यगृह बंद असतं तेव्हा नुसते प्रयोग थांबत नाहीत. प्रेक्षकांची सवय मोडते आणि ती शिवून द्यायला कुठला कुशनवाला नसतो.

कमी खुर्च्या, जास्त ऐसपैस

मग मोठ्या शहरात जुन्या थिएटरांचं काय होतं? दोन उदाहरणं बघा, दोन्ही मुंबईची.

चर्चगेटचं इरॉस १९३८ साली सुरू झालं, बाराशेहून जास्त खुर्च्यांचं. काही वर्षं बंद राहिलेलं हे थिएटर २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडलं ते सुमारे ३०० सीटांचं आयमॅक्स म्हणून. बाहेरचा आर्ट डेको रुबाब तोच, आतलं गणित मात्र पार बदललेलं. चौघांच्या जागेत एक! आरामशीर आहे, शंकाच नाही. पण स्वस्त तिकिटाचं बाकडंही त्याबरोबरच गेलं.

दुसरं गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं. बालगंधर्व, पृथ्वीराज कपूर यांच्या पावलांनी गाजलेलं. १९९३ मध्ये बंद पडलं आणि दोन दशकांहून जास्त काळ कुलपात राहिलं. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जतनाचं काम होऊन २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा उघडलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये त्याचा गौरव झाला. इथे घाई नव्हती. आधी काय होतं ते शोधायचं, मग त्याला साजेसं करायचं, असा हिशोब होता.

तेलगावच्या मामांनी हिरवं कव्हर पसरून फर्मा काढला, तोही हिशोब याच जातीचा. फरक पैशाचा आहे, कामाच्या रीतीचा नाही.

टॉकीजची खुर्ची घरी आणताय? थांबा, हे वाचा!

जुन्या थिएटर-खुर्च्या घरात मांडायचा विचार असेल तर या टिप्स खास तुमच्यासाठी:

- पाय मोजा. जोडखुर्च्यांमध्ये शेजारच्या दोघींचा पाय एकच असतो. म्हणजे तीन खुर्च्यांना चार पाय. रांगेच्या मधून कापून काढलेला तुकडा असेल तर एका टोकाला पायच नसतो! विकत घेण्याआधी दोन्ही टोकं बघा.

- उतार तपासा. थिएटरची जमीन उताराची असते आणि काही खुर्च्यांचे पाय त्या उतारानुसार केलेले असतात. सपाट फरशीवर अशी खुर्ची पुढे किंवा मागे कलते.

- फळीवर बसवा. या खुर्च्या जमिनीत बोल्टने ठोकलेल्या असतात, त्या आपल्या पायावर उभ्या राहत नाहीत. खाली जाड, रुंद फळी घेऊन त्यावर बोल्ट करा. घरात लहान मूल असेल तर यात तडजोड नकोच.

- आधी उन्हात, मग घरात. जुनी गादी सरळ हॉलमध्ये आणू नका. बाहेरच उघडा. काथ्या-कापूस कुजका असेल तर टाकून द्या, लोखंड घासून गंज काढा. ढेकूण हा रेट्रो लूकचा भाग नाही!

- डेन्सिटी विचारा. दुकानात '३२', '४०' असे आकडे सांगतात ते एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. आकडा जास्त म्हणजे फोम भरीव, लवकर बसत नाही. नुसतं 'एकदम मऊ आहे' यावर जाऊ नका. मऊ आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

- फुंकर मारा. कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारून बघा. हवा पार गेली तर ते आवाज आत घेईल, बसल्यावर घामही कमी येईल. नाही गेली तर पुसायला सोपं. तुम्हाला काय हवं ते तुम्ही ठरवा.

- समोर उघडून घ्या. कव्हरवर कव्हर चढवू देऊ नका. आतले थर बघा, मोबाइलवर फोटो काढा. आणि चिकटवण्यापेक्षा चुका किंवा स्टेपल मारायला सांगा.

पुढच्या वेळी उठताना...

नाट्यगृहांच्या नूतनीकरणाच्या बातम्या आपण वाचतो त्यात असतो खर्चाचा आकडा आणि नव्या खुर्च्यांचा फोटो. फोम कुठला, कापड कुठलं, आगीची चाचणी झाली का, खुर्ची मिटते का, पुन्हा दुरुस्त करता येईल का, हे पाच प्रश्न त्या बातमीत सहसा सापडत नाहीत. आपण विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. पालिकेचं नाट्यगृह आपल्याच टॅक्सवर चालतं. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करायला इंजिनीअर असावं लागत नाही, खुर्चीत बसणारा असलात तरी पुरे.

तोवर एक छोटीशी टेस्ट करून बघा. पुढच्या नाटकाला, पडदा पडल्यावर उठलात की लगेच चालू लागू नका. मागे वळून आपल्या खुर्चीकडे एक नजर टाका. ती टप्पकन मिटली तर कुणीतरी तिच्या आत लक्ष घातलंय असं समजा. लोंबकळत राहिली तर बाहेर पडताना मॅनेजरच्या केबिनचं दार ठोठवा आणि रांग आणि नंबर सांगा. 'जी', चौदा.